घंटेत माहेरची माती

मथुराने लग्नात आलेली पितळेची घागर रवळनाथाच्या देवळातल्या नव्या घंटेसाठी दिली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, महादूने, विचारलं, "आता पाणी काय पदरातसून आणतलंस?"

"मडक्यातसून आणतलंय. पण घांट वाजली की खाडयेपल्याड माझ्या आयेक आयकाक येतली."

आई, काशीबाई, अंथरुणाला खिळून होती. नव्या घंटेचा आवाज कानी पडावा आणि मग डोळे मिटावेत, एवढंच तिचं मागणं. तिने आपल्या तुळशीतली माती पुडीत बांधून धाडली होती. धातूच्या रसात घाल, म्हणजे घंटेत मीही असेन, असा निरोप.

परशुराम ओताऱ्याने देवळापुढे भट्टी लावली आणि बजावलं, "रसात कोणी काय टाकूचा नाय. धातू सोडून दुसरा काय आत ऱ्हवला तर आवाज आतच मरतलो!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्यांनी काही टाकू नये, हे प्रत्येकाला पटलं होतं.

रसावरचा मळ काढून परशुराम साचा बघायला वळला. तेवढ्यात अप्पा गुरवाने अंगारा सोडला. देवाचाच अंगारा, त्याला कोण 'काय' म्हणेल? सुगंधावहिनीने मुलाच्या नोकरीसाठी अक्षता टाकल्या. मथुराने पदर तोंडावर घेऊन पुडी रिकामी केली. परशुरामाने परत येऊन कुलदेवीची हळद सोडली. ओताऱ्याने टाकलं की त्याला रीत म्हणतात. आणि रस ओतला.

साचा फोडला तर घंटा देखणी. गावच्या मानकऱ्यांनी, भाईंनी, टोला दिला.

"थप्प."

"भाईनु, फणस पिकलो काय बघतास?" मागून कोणीतरी विचारलं.

भाईंनी चिडून जोरात हाणला, तर काठाचा टवकाच उडाला. आत काळे ठिपके, राखेची भोकं आणि मातीचे खडे.

"कोणी काय टाकल्यानी?" परशुराम ओरडला.

"कोणी नाय!" सगळे एका सुरात म्हणाले. त्या दिवशी गावात तेवढाच एक सूर लागला.

पाऊस तोंडावर आलेला. आता घंटा ओतायची ती पुढच्या वर्षी.

मथुरा होडीने खाडी ओलांडून माहेरी गेली. वाटेत तिने सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. पण आईने आधीच विचारलं, "वाजली गो?"

"वाजली," मथुराच्या तोंडून निघून गेलं.

काशीबाईने कान चाचपला. मग म्हणाली, "माका नाय आयकाक इली. म्हणजे कान पण गेले माझे."

मथुराने आईचं पांघरूण सारखं केलं. ती पुटपुटली, "कान खंयचे गेले, मातयेन घात केल्यान."

"माझ्या मातयेन?"

एवढं हळू बोललेलं आईने नेमकं ऐकलं. मग मथुराने सगळं सांगितलं. खडे, भोकं, थप्प. "पुढच्या वर्सा परत ओततले गो आये."

"पुढच्या वर्सा," म्हणत काशीबाईने बोटांवर महिने मोजले. मग तिने पाहुण्यांसाठी जपलेला साखरेचा डबा मागून घेतला. "चुकलाच माझा. माती खंय विरघळता? ही साखर घेवन जा. ही विरघळता."

मथुराने साखरेची पुडी बांधून कमरेला खोचली. "घालतंय हां," म्हणाली.

परतताना होडी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा तिने पुडी सोडली आणि सगळी साखर तोंडात टाकली. पुडीचा कागदसुद्धा चाटला. घंटेसाठी एक कण उरता कामा नये.

गोड काही लागली नाही.