वत्सलाबाईंचे रुंद टायर

भर बाजारात एखाद्या जाडजूड माणसाला थांबवून "तुमचं वजन किती? खरं सांगा, मारणार नाही," असं विचारणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली. त्या म्हणजे वत्सलाबाई, माझ्या घरमालकीण, डिचोलीच्या मराठी प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. "मारणार नाही" हे त्या इतक्या मनापासून सांगत की मार बसू शकतो ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या तोवर ध्यानातच आलेली नसायची, ती तेव्हा यायची.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. खाणीवर वजनकाट्याचा कारकून म्हणून लागलो आणि डिचोलीत खोली शोधत बाईंच्या दारात आलो. भाड्याचं बोलायच्या आधी त्यांनी मला शुद्धलेखन घातलं. पाटावर बसवून, पेन्सिल देऊन. माझ्या वेलांट्या चुकल्या. "सुधारेल," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी किल्ली दिली.

ते दिवस भाषेच्या आंदोलनाचे होते. गोव्याला राज्य मिळणार का, आणि मिळालं तर त्याची भाषा मराठी की कोंकणी, यावरून एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या सभांना जात होती. बाई कट्टर मराठीवाल्या. पण चुकीचं लिहिलेलं त्यांना विरोधकाच्या घोषणेतही खपत नसे. बसस्टँडसमोरच्या भिंतीवर डांबराने घोषणा रंगवणाऱ्या कोंकणीवाल्या तरुणांपाशी त्या एकदा थांबल्या. मला वाटलं, आता भांडण. बाई म्हणाल्या, "'कोंकणी'वरचा अनुस्वार कुठे गेला? आधी तो द्या, मग घोषणा द्या." सगळे त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यांनी मान खाली घालून अनुस्वार दिला. मी त्यांच्या शेजारी पिशवी धरून उभा होतो आणि हे आपण खरंच पाहिलं का, असा विचार करत होतो.

बाईंकडे एक निळी गाडी होती. पोर्तुगीजांच्या वेळी परदेशातून आलेली, त्यांच्या डॉक्टर नवऱ्याची. डॉक्टर गेल्यावर ती बरीच वर्षं झाकून ठेवलेली होती. निवृत्तीनंतर बाई ती चालवायला शिकल्या. वळण आलं की शेजारी बसलेल्याला त्या "आता आपण डावीकडे वळणार आहोत" असं वर्गात सांगावं तसं सांगत, आणि मगच वळत.

एका संध्याकाळी मी सहज बोलून गेलो की खाणीवरच्या साहेबांच्या जीपला रुंद टायर बसवलेत. हवा जरा कमी ठेवली की खड्ड्यांतून जीप होडीसारखी जाते, साहेबांच्या हातातला चहा सांडत नाही. बाई अळूची पानं चिरत होत्या. त्यांचा हात थांबला.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं.

नंतरच्या रविवारी सकाळी ठोकाठोकीने जाग आली. अंगणात गाडी विटांवर चढवलेली, शेजारी चार रुंद टायर, डोक्याला हात लावून बसलेला शंकर मिस्त्री, आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. पाय बाईंचे होते. ज्या बाईंच्या पातळाला कधी खडूचा डाग राहिला नाही, त्या वंगणात पाठ टेकून पडल्या होत्या. मी दात घासायचं विसरून तसाच उभा राहिलो.

शंकर मिस्त्री कोल्हापूरकडचा. तो म्हणाला, "बाई, ह्ये न्हाई बसायचं. टायर घासतंय."

"कुठे घासतं?" गाडीखालून आवाज आला.

"समदीकडं."

"समदीकडं हे उत्तर नव्हे. नेमकं कुठे? खरं सांग, मारणार नाही."

शंकरला नेमकं सांगता येईना. तेव्हा बाईंनी आपल्या पानाच्या डब्यातला चुना टायरच्या कडांना फासला आणि गाडी गल्लीतून फिरवून आणली. पत्र्यावर जिथे पांढरं उमटलं, तिथे टायर लागत होता. मागे चाकावरच्या पत्र्याची आत वळलेली कड लागत होती, पुढे स्टिअरिंग पुरतं फिरवलं की आतली बाजू. पुढचं चाक बाहेर सरकवायला शंकरने मध्ये एक जाड चकती घातली. आतलं घासणं थांबलं आणि बाहेरचं सुरू झालं. चकती काढली, पुन्हा आतलं. यात काही आठवडे गेले. त्या काळात बाई स्टिअरिंग पुरतं वळवायचंच नाही असं ठरवून गाडी चालवत. बाजारातून घरी परतायला गाडी वळवायची, तर साखळी गावाच्या रस्त्याला मोठं मैदान लागेपर्यंत सरळ जात. मी एकदा नारळ आणायला त्यांच्याबरोबर गेलो आणि जेवणवेळ उलटून गेल्यावर घरी पोचलो.

मग एक रविवार असा आला की मी डिकीत होतो. मागच्या चाकाचा बारीक आवाज नेमका कुठून येतो ते आतून ऐकायला कोणीतरी हवं होतं. "तुझा कान चांगला आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी झाकण लावलं. डिचोलीच्या रस्त्याने मी टायरचा आवाज ऐकत, गुडघे छातीशी घेऊन गेलो. बाजारात गाडी थांबली. कोणीतरी बाईंना विचारलं, मागे काय आहे? त्या म्हणाल्या, "भाडेकरू."

मागच्या पत्र्याची ती कड दुमडून बसवायची युक्ती त्यांनी स्वतः काढली. घरातलं भात कांडायचं मुसळ आणलं, टायर आणि पत्रा यांच्यामध्ये आडवं घातलं, आणि मला व शंकरला गाडी ढकलायला लावली. चाक फिरलं तसं मुसळ फिरलं आणि पत्र्याची कड पोळीची कड दुमडावी तशी आत बसली. शंकर बराच वेळ त्या मुसळाकडे पाहत राहिला. मग त्याने पुढे पातळ चकती घातली, मागच्या स्प्रिंगच्या कमानीत एक पाटा वाढवला, गाडी मागून उचलली गेली, आणि रिकामी गाडी घासायची थांबली.

"रिकामी गाडी कोणाला हवी आहे?" बाई म्हणाल्या. "मागे एक मोठा माणूस बसला की मग बघू."

आणि बाजारात वजनाची चौकशी सुरू झाली. मी सुचवलं की मागच्या सीटवर वाळूची पोती ठेवू. बाई म्हणाल्या, "पोतं निपचित पडतं. माणूस हलतो, कूस बदलतो." माणसं अर्थातच रागावली. एका लग्नात त्यांनी वरपक्षाच्या एका आप्तांना पंगतीतून उठल्या उठल्या विचारलं. मी खांबामागे गेलो.

शेवटी खानावळवाला भिकू शेट तयार झाला. तो अवाढव्य माणूस होता. त्याला मागे बसवून बाईंनी गाडी थेट खाणीवर माझ्या वजनकाट्यावर चढवली. पुढे खनिजाचा ट्रक, मागे खनिजाचा ट्रक, मध्ये निळी गाडी, आणि काट्याच्या खिडकीत मी. साहेबांनी पाहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. बाईंनी खिडकीतून विचारलं, "किती भरलं?" मी आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली, जणू उत्तर आधीच ठाऊक होतं. मग खाणीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून भिकू शेटला नेत त्या सांगत होत्या, "आता डाव्या कुशीवर व्हा. आता कण्हा." भिकू शेट कण्हला. टायर लागला नाही.

संध्याकाळी मी त्याच्या खानावळीत गेलो तेव्हा तो अंग चोळत बसला होता. मी म्हटलं, "शेट, तुम्ही कशाला तयार झालात?"

"तुला ठाऊक नाही?" तो म्हणाला. "मी मुळगावचा. तिथे बाईंचा धाकटा भाऊ अनंत अंथरुणावर पडलाय. त्याचं वजन माझ्याएवढंच."

मग त्याने जे सांगितलं ते मला अजिबात माहीत नव्हतं. अनंतबाब निवृत्त पोस्टमास्तर, कट्टर कोंकणीवाले. एका सभेत ते व्यासपीठावरून म्हणाले होते, "म्हजी भयण मराठी शिकयता. पूण आमची आवय तिका मराठींतल्यान एक दीस लेगून तापली ना." माझी बहीण मराठी शिकवते, पण आमची आई तिच्यावर एक दिवससुद्धा मराठीतून रागावली नाही. सभा हसली. बाई भावाचं भाषण ऐकायला मागच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. त्या उठून निघून गेल्या आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

नंतर अनंतबाब विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. म्हापशाच्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं. घरचे भाड्याच्या गाडीतून त्यांना न्यायला निघाले, पण खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केलेली. थोडं पुढे गेल्यावर ते इतके ओरडले की गाडी परत फिरवावी लागली. मग त्यांनी सांगितलं, आता कुठेही जायचं नाही, इथेच पडून राहणार.

मी पुढ्यातली पोळी मोडायची तशीच ठेवली. बाईंनी एवढ्या दिवसांत भावाचं नावही घेतलं नव्हतं. मला त्यांना भाऊ आहे हेच ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी बाईंनी शंकरकडून गाडीची पुढची डावी सीट काढून घेतली आणि मला म्हणाल्या, "चल. मागे पाय धरायला माणूस हवा."

मुळगावात त्यांच्या भावजयीने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. तिने डोळे पुसले. अनंतबाब खाटेवर होते. खाट त्यांना पुरत नव्हती. त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"हांव येना," ते म्हणाले. "म्हजीं हाडां म्हापशा मेरेन पावचीं नात."

"हाडं पोचतील की नाही ते मी बघते," बाई मराठीत म्हणाल्या. "तू नुसता आडवा हो."

"हांव मराठीवाल्यांच्या गाडयेंत बसना."

"गाडी पोर्तुगीजांच्या वेळची आहे. तिला दोन्ही कळत नाहीत."

अनंतबाबांचं पोट हलायला लागलं. आधी मला वाटलं कळ आली. ते हसत होते, आणि हसताना दुखतं म्हणून डोळ्यांत पाणी येत होतं. शेजारच्या चौघांनी त्यांना खुर्चीत घेऊन खुर्चीसकट उचललं. मागच्या सीटवर पाठ टेकवून पुढच्या रिकाम्या जागेत पाय लांब केले. मी कोपऱ्यात दबून बसलो आणि त्यांची पोटरी दोन्ही हातांनी धरली.

रस्ता लाल धुळीचा होता. पहिला मोठा खड्डा आला तेव्हा अनंतबाबांनी माझा दंड इतका आवळला की बोटं उमटली. गाडी खाली गेली, वर आली. टायर कुठे लागला नाही. त्यांनी डोळे उघडले आणि छताकडे पाहत राहिले. मग ते दुसऱ्या खड्ड्याची वाट पाहू लागले. तोही गेला.

शिरगावच्या फाट्यापाशी त्यांना पाय जरा सरकवायचा होता. बाईंनी रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली. मागे खनिजाचे ट्रक भोंगे वाजवत उभे राहिले. बाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि पहिल्या ट्रकसमोर हात वर करून उभ्या राहिल्या. शाळेत प्रार्थनेच्या आधी गप्प करायला धरावा तसा हात. भोंगे थांबले. मी पाय सरकवला, त्याखाली उशी लावली, आणि ते "बरें" म्हणेपर्यंत एवढी ट्रकांची रांग एका म्हातारीसमोर गुपचूप उभी होती. एक ड्रायव्हर तर खाली उतरून आमच्या गाडीच्या टायरकडे वाकून पाहत होता.

पुढे अनंतबाबांनी हलक्या आवाजात मला विचारलं, हे टायर कोणी बसवले? मी सांगितलं. चुना सांगितला, मुसळ सांगितलं, भिकू शेटचं कण्हणं सांगितलं. डिकीचंही सांगितलं. ते ऐकत राहिले. बाईंनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांच्या पाठीला ताठ धरायची सवयच होती.

अस्नोड्याचा पूल ओलांडल्यावर रस्ता गुळगुळीत झाला. बाईंनी गाडी जरा वेगात घेतली. झाडं भराभर मागे जायला लागली.

"बाय," अनंतबाब म्हणाले. "मातशी सवकास."

सावकाश म्हणताच बाईंनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. "दुखतं का रे?" त्यांनी पुढेच पाहत विचारलं. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

"ना गो, दुखना." अनंतबाब म्हणाले. "बेगीन पावतले म्हूण."

नाहीतर लवकर पोचू, म्हणून.

बाईंनी गिअर खाली आणला आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून येणाऱ्या बसला त्यांनी हात दाखवून पुढे जाऊ दिलं, मग एका सायकलवाल्यालाही.