स्वतःच्या रानात खाकरून जाणारे आप्पा

आमच्या पिरनवाडीतले आप्पा स्वतःच्याच प्लॉटात शिरताना फाटकाशी चपला काढतात, दोनदा खाकरतात आणि म्हणतात, "मीच हाय गं!" आत माणूस एकही नाही. बाभळी, करवंदीच्या जाळ्या, सुगरणीची घरटी, मुंगसं आणि एक भलंमोठं वारूळ.

"कुणाशी बोलता, आप्पा?"

"पावणी हायती."

आप्पा मूळचे वडगावचे विणकर. चारी बाजूंना स्लॅबची घरं उठली, पण ह्यांनी आतलं गवतसुद्धा कापलं नाही. सुगरण घरटं विणायला लागली की खाली खुर्ची टाकून, मागावरचे उभे धागे तपासावेत तसं ओरडणार, "ताना ढिला पडलाय बग!"

मी इथं नवी आले, तेव्हा आजी व्हायची होते, म्हणजे अक्कल यायची होती. नव्या टाइल्सचा माज एवढा, की पाहुण्यांना पाय धुतल्याशिवाय आत घेत नसे. एक दिवस अंगणात साप निघाला. लगेच पंचायतीला अर्ज ठोकला: 'सदर जंगल तोडून साप हटवावेत.' पहिली सही माझी, इंग्रजीत, खाली दोन रेघा ओढून. पंचायतीचे साहेब पाहणी करणार आणि त्यांनी मान डोलावली की जेसीबी येणार, असं ठरलं.

साहेब आले तो दिवस नेमका नागपंचमीचा. आसपासची सगळी वारुळं आम्हीच सपाट करून वर गाड्या लावलेल्या. उरलं एकच, आप्पांचं. त्यांच्या फाटकाशी बायकांची ही रांग! आणि रांगेत पहिली कोण? जरीची साडी नेसून, दूध-लाह्यांचं ताट घेऊन, मीच.

"तक्रार कुणाची?" साहेबांनी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या आक्कांची. साप काडा म्हनत्यात. पन आज नगं, आज तेंचं काम हाय."

रांग खिदळली. मी ताटावर पदर ओढला. साहेबांनी अर्जाची घडी घातली आणि हळूच विचारलं, "संध्याकाळी मिसेसना आणू का? आमच्या लेआउटात वारूळ न्हाय."

अर्ज मी तिथंच परत मागून घेतला. पण पूजा झाल्यावर फणकाऱ्यानं विचारलंच, "एवढी जागा आहे, तर घर का बांधत नाही?"

आप्पा करवंदीखालच्या चार दगडांकडं बघत राहिले. "हितं कारभारनीची चूल, तितं माग. काटकीनं तिनंच घर आकलं हुतं. पाया काडायच्या आदीच गेली. मंग म्हटलं, कोन तरी नांदू दे."

आता आप्पांचे गुडघे गेलेत. पाखरांच्या परळात पाणी मी घालते, ते फाटकाशी खुर्चीत बसून नजर ठेवतात. काल घाईत तशीच आत शिरले, तर मागून हाक आली, "आक्काऽ!"

मी मागं फिरले. चपला काढल्या, दोनदा खाकरले आणि म्हटलं, "मीच हाय गं, वैनी."

आप्पा मान वर करून बाभळीवरच्या सुगरणीच्या घरट्याकडं बघत म्हणाले, "औंदा ताना बरा हाय."