चमच्याविना तुर्की पाहुणचार

चहातलं मिथुनला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या पनवेलमध्ये कोणाला कळत नाही, असं खुद्द मिथुनचंच मत होतं. आणि खरं सांगायचं तर ते फारसं चुकीचंही नव्हतं. मोरोक्कोत पुदिन्याचा चहा किती उंचावरून ओततात, तिबेटात त्यात लोणी आणि मीठ का घालतात, सगळं त्याला तोंडपाठ. त्यामुळे रोशनीचे वडील आपट्याहून घर बघायला येणार म्हटल्यावर त्याने आईला, गोदूबाईंना, बजावलं, "पोहेबिहे काही नको. नानांना मी चहानेच जिंकणार."

जिंकावं लागणारच होतं. रोशनीसाठी आलेली भलीभली पोरं भगवाननानांनी ओट्यावरूनच परत धाडली होती.

मिथुनने गवती चहा, पुदिना आणि आलं उकळलं. काचेचे इवलेसे पेले मांडले. रीत तुर्कस्तानची. पेला रिकामा झाला की यजमानाने लगेच भरायचा, आणि पाहुण्याने पुरे म्हणून चमचा पेल्यावर आडवा ठेवेपर्यंत थांबायचं नाही. रोशनीने घरी नानांना हे नीट समजावलं होतं.

नाना आले, बसले, पहिला घोट घेतला. "झकास हाय," म्हणाले. मिथुनची छाती फुगली. पेला रिकामा झाला, त्याने भरला. पुन्हा रिकामा, पुन्हा भरला. काय माणूस आहे, मिथुनला वाटलं, याला म्हणतात चहाची कदर!

नाना मधूनच ट्रेमध्ये वाकून बघत. मिथुनला वाटलं, नक्षी आवडली.

"ट्रे पितळी आहे नाना, जुना."

"दिसतंय," नाना म्हणाले आणि पितच राहिले. मुलीच्या बापाने मुलाच्या घरी काही मागू नये आणि पेल्यात काही उरवूही नये, ही त्यांची जन्माची शिस्त. हळूहळू कपाळावर घाम आला, मांडीवर मांडी चढली, बोलणं तुटक झालं. तरी पेला रिकामाच परत येई. असा सभ्य माणूस शोधून सापडायचा नाही.

शेवटी मिथुनने किटली उचलली, तसा नानांनी पेल्यावर तळहातच ठेवला.

"पोरगी दिली मी. पन आता ती किटली खाली ठेव आन् मोरी कुठं हाय ते सांग."

नाना धावत गेले. मिथुन आनंदाने आईकडे वळला. "बघितलंस? पण शेवटपर्यंत चमचा का नाही ठेवला त्यांनी?"

"कुठला चमचा?" गोदूबाई म्हणाल्या. "साखर नाय त्या पान्यात, म्हनून मी चमचं मांडलंच नाय."

साखरपुड्याला नाना पुन्हा आले. मिथुनने मोठ्या प्रेमाने पेला पुढे केला. नानांनी तो घेतला, एक घोट पिऊन "झकास" म्हणाले, आणि सदऱ्याच्या खिशातून घरचा चमचा काढून पेल्यावर आडवा ठेवला.