दत्तूकाका आणि ब्रीडाआजींचे पणजोबा

थांबा, हातातलं काम ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय! आमच्या दत्तूकाकांनी काल इथे आयर्लंडमध्ये, नावन गावच्या कबरस्तानात एका इंग्रजाच्या कबरीवर चक्क तांदळाचं पीठ फासलं!

नीट सांगते. लॉकडाऊनमुळे मेनूथचं कॉलेज बंद, म्हणून मी नावनला ज्यांच्याकडे भाड्याने राहते, त्यांचे वडील म्हणजे हे दत्तूकाका. खटाव तालुक्यातले रिटायर्ड तलाठी. नातीला, इराला, भेटायला तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाली. वर्ष होत आलं! माणूस नोंद केल्याशिवाय राहत नाही. लोणच्याच्या बरणीवर तारीख. माझ्या छत्रीवर माझं नाव, गाव, तालुका, जिल्हा! "नोंद पाहिजे, पोरी. नोंद नाही तर माणूस नाही."

शेजारच्या ब्रीडाआजी ऐंशीच्या. कुंपणापलीकडून एकदा म्हणाल्या, माझे पणजोबा इंग्लंडहून इकडे माळीकामाला आले, पण कुठल्या गावचे ते कुणालाच माहीत नाही. मरायच्या आधी कळलं तर बरं.

झालं! काका पेटले. मी लॅपटॉपवर जुनी जनगणना उघडून दिली. नाव सापडलं! धंदा, माळी. जन्मस्थान, 'इंग्लंड'.

"नुसतं इंग्लंड?" काका ओरडले. "हा काय पत्ता झाला? गाव लिहायला शाई संपलेली का ह्याची? आमच्या मामलेदारानं मेमोच दिला असता!"

लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी, म्हणून मग तेवढ्यातली कबरस्तानं पालथी घालणं सुरू. पुढे माकडटोपीतले काका, मागे मी. काल कबर सापडली, पण अक्षरं पार झिजलेली. काकांनी खिशातून पिठाची पुडी काढली. गावाकडे देवळातला शिलालेख असाच वाचायचे म्हणे! फिरायला आलेल्या एक बाई थबकल्या. "युअर मॅन बरा आहे ना?"

'युअर मॅन' म्हणजे नवरा नव्हे हो, इथे 'हा गृहस्थ'! "ही इज ग्रँड!" म्हणजे अगदी ठणठणीत, मी म्हटलं.

पीठ चोळलं आणि अक्षरं पांढरीशुभ्र उठली. जन्मगाव हॅचकोम्ब, डेव्हन, इंग्लंड! मी किंचाळलेच. (दगड नंतर धुतला हां!) ब्रीडाआजींना दोन मीटर लांबून ओरडून सांगितलं. त्यांनी ते नाव तीनदा म्हणून पाहिलं. मग हळूच विचारलं, "तिथे आत्ता पाऊस असेल का गं?"

आणि आज सकाळी मी चहा पावडरीसाठी प्रेस उघडलं, म्हणजे इथलं कपाट हो, तर दाराच्या आतल्या बाजूला मार्करने, इंग्रजी कॅपिटलमध्ये, एकेक अक्षर जपून काढलेलं: दत्तात्रय, मु. पो. पिंपळी, तालुका खटाव, जिल्हा सातारा. एसटीतून उतरल्यावर विहिरीपुढचं तिसरं घर.

"काका, इंग्रजीत?"

"इराला मराठी वाचता येत नाही ना." त्यांनी मार्करला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "पुढेमागे कुणी विचारलं, तर नुसतं 'इंडिया' नको सांगायला पोरीनं."

तुमच्याकडेही लिहिलंय का हो कुणी असं? दारामागे, डब्याखाली, कुठेतरी? बघा ना जरा, आणि सांगा!