रोजचे दोन हादरे

आमच्या शेजारच्या जगताप मास्तरांना जेवायला बोलावलं की ते ताटाऐवजी तव्याकडं बघतात. भाकरी फुगायला लागली की माझ्या बायकोला म्हणतात, "थांब माय, चीर कुठं पडती बघू दे." आत वाफ कुठं दाटली हे बाहेरची चीर सांगते, डोंगराचंही तसंच, हा त्यांचा सिद्धांत. तोवर भाकरी करपते.

भूगोलाचा हा निवृत्त मास्तर जन्मात पैठणच्या पुढं गेलेला नाही. पण जावा बेटावरच्या एका जागृत ज्वालामुखीची त्यांना खडान्‌खडा माहिती. कारण त्याच्या पायथ्याशी त्यांची एकुलती एक लेक, सुमी, राहते. जावई तिथल्या साखर कारखान्यात आहे. "ऊस काय गंगापुरात उगवत नव्हता?" हे मास्तरांचं पालुपद.

रोज दुपारी चारला सुमीचा फोन येतो. खुशाली वगैरे काही नाही. "आज किती? खोल का वरचे?" डोंगराखालच्या बारीक हादऱ्यांचे आकडे तिथल्या ज्वालामुखी निरीक्षण चौकीच्या फळ्यावर लिहितात. सुमी ते वाचून सांगते, मास्तर वहीत टिपतात. "खडकावर ताण आला की तो आधी बारीक बारीक तडकतो. हादरे खालून वर सरकाया लागले की समजायचं, शिलारस वाट काढतोय. मग पळायचं." आम्ही सगळे त्यांची टिंगल करायचो. मी जरा जास्तच.

गेल्या महिन्यात आकडे चढत गेले. नऊ, चौदा, एकवीस. शिवाय वरचे. मास्तरांचं जेवण सुटलं. मग एके दिवशी सुमी म्हणाली, "दोन, बाबा. खोल." दुसऱ्या दिवशी दोन. आठ दिवस दोनच. मी मास्तरांकडं पेढे मागितले.

त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. "शाळेत पोरं पर्जन्यमापक न बघताच पाऊस लिहायची. रोज असाच एकसारखा आकडा. जमीन इतकी शिस्तीची नसती ओ. पोरगी खोटं सांगती."

मी म्हणालो, "मग विचारा की तिला."

"निघून ये म्हणून दहादा सांगितलं. नवऱ्याला सोडून ती निघायची नाय. बाप निवांत हाय, एवढं तरी तिला वाटू द्या."

तेवढ्यात फोन वाजला. "दोन, बाबा. खोल."

"झकास," मास्तर म्हणाले. आवाज अगदी वर्गात शिकवतानाचा. "मला लई बरं वाटलं बघ."

फोन ठेवून त्यांनी माझं मनगट धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.