हाजी मिस्काल उठेनात

"घडीची खुर्ची न्या बरोबर," हाजींची बायको फिद्दा म्हणाली. "नायिफ उचलील."

"मुलीच्या बापापुढे शब्द टाकायला खुर्ची घेऊन जाऊ? मी जाहाचा, मागणी घालायला निघालेल्या वडीलधाऱ्यांचा, म्होरक्या आहे, न्हाव्याकडचं गिऱ्हाईक नाही!" हाजी मिस्काल म्हणाले आणि जोडे घालायला वाकले. उजव्या गुडघ्यातून जात्यात खडा सापडावा तसा आवाज आला.

"ऐकलंत? तोसुद्धा माझ्याच बाजूनं बोलतोय."

हाजींनी दुसरा जोडा ओढला. हल्ली भांडायचं तर आधी उभं राहावं लागे, आणि सगळा जोर तिथंच संपून जाई. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर तळवा ठेवून त्यांचा पाय हलवून पाहिला होता. "किती वाकतो ते सोडा, कसा वाकतो ते बघायचं. तरुण गुडघा तेल दिलेल्या दारासारखा सरकतो. तुमचा वाटेत मुक्काम करत येतो."

"आणि एखाद्या मुक्कामाला राहूनच गेला तर?"

"तर बसून राहायचं. जोर करायचा नाही."

हे फिद्दाला सांगायची सोय नव्हती. नायिफ मेलेल्या भावाचा मुलगा, हाजींच्याच मांडीवर वाढलेला. त्याच्या लग्नात त्याचा हात धरून चार पावलं नाचायची, एवढी एकच हौस आता उरली होती. मुलीचे वडील अबू दिर्घाम यांचा होकार आधीच कळला होता, पण लग्न मात्र जुमानाचं शिक्षण संपल्यावर, म्हणजे दोन वर्षांनी. दोन वर्षांनी हा गुडघा कुठल्या मुक्कामी असेल, हे अल्लाच जाणे.

करक गावातल्या अबू दिर्घाम यांच्या घरी बैठक ऐसपैस होती, पण सगळी जमिनीवर. भिंतीकडेनं गाद्या, मधे लोड. हाजी खाली बसले तेव्हा गुडघा इतक्या मोठ्यानं वाजला, की दिवा तडकला की काय म्हणून कॉफी ओतणाऱ्यानं दचकून वर पाहिलं.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. हाजींनी कॉफीचा पेला न पिताच खाली ठेवला आणि सांगितलं, की मागणं मान्य झाल्याशिवाय ओठाला लावणार नाही. अबू दिर्घाम म्हणाले, "प्या हाजी. मुलगी तुमचीच." बोलणी पक्की करणारी फातिहा वाचून झाली. आता म्होरक्यानं उठायचं, की मागोमाग सगळे उठणार.

हाजी उठेनात.

त्यांनी लोडावर हात रेटला. गुडघा जागचा हलला नाही. सगळी जाहा त्यांच्याकडे बघत बसली. समोर अबू दिर्घामही बसून. पाहुण्याआधी यजमानानं कसं उठायचं?

"हाजी," अबू दिर्घामनी विचारलं, "मनात काही राहिलं का?"

हाजींनी मिशीवरून हात फिरवला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

खोलीत कुजबुज झाली. म्होरक्या बसून राहिला, म्हणजे त्याचं समाधान झालेलं नाही, हे तिथं लहान पोरालाही ठाऊक.

"बरं," अबू दिर्घाम म्हणाले. "दोन नको. वर्षानं करू."

हाजींच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पुन्हा जोर केला. तोंडातून नुसतं "हंऽऽ" निघालं.

"ऐका तर! येत्या हंगामात जैतुनाची तोडणी झाली की लगेच! झालं?"

जाहात आनंदाची लाट उठली. नायिफ त्यांच्या कानाशी लागला. "काका, असेच बसा. अजून थोडं बसलात तर हे घरसुद्धा देतील."

"गाढवा," हाजी दातांतल्या दातांत म्हणाले. मग मोठ्यानं, "आम्हां दोघांना जरा एकटं सोडा."

सगळे अदबीनं अंगणात गेले. दार लागलं.

"अबू दिर्घाम," हाजी थकून म्हणाले, "तुमची तारीख परत घ्या. मी अडून बसलेलो नाही, अडकून बसलोय. गुडघा."

अबू दिर्घाम लोडावरून पुढं झुकले.

"कुठला?"

"उजवा."

"माझा डावा," अबू दिर्घाम म्हणाले. "तुम्ही उठला असता आणि मी बसून राहिलो असतो, तर? आपल्याच घरात पाहुण्याला उठून निरोप न देणारा! नातवंडांपर्यंत टोमणे पुरले असते. म्हणून तुम्ही जरा हललात की मी काहीतरी टाकत होतो पुढ्यात."

"मग तारीख..."

"तारीख राहू द्या. फिरवली तर कारण सांगावं लागेल."

धरून उठता येईल म्हणून दोघांनी खिडकीच्या गजांकडे पाहिलं. गज दूर होते. मग इलाख्यातले दोन वजनदार म्हातारे लोडांना धरून, रांगत निघाले. एकाचा कट्ट आवाज आला की दुसरा म्हणे, "सावकाश."

पेले गोळा करायला जुमाना आत आली, तेव्हा ते गालिच्याच्या मध्यावर होते.

ती हसली नाही. तिनं मागं दार लावून घेतलं. "अब्बा, तोडणीनंतर लग्न म्हणे? ते असं ठरलं होय!"

"आधी उठव, पोरी."

"उठवते. नायिफला माझी ना नाही. पण लग्न झालं की कॉलेज सुटेल, आणि ते मला नकोय."

"सुटणार नाही," हाजी रांगत्या पोरासारखे हातापायांवर ओणवे राहून म्हणाले. "या मिशीची शपथ! नायिफनं तुझ्यासाठी रोज स्वयंपाक केला नाही, तर मला सांग."

"आणि हे बाहेर तुम्ही सांगायचं."

"दाराबाहेर पडलो की लगेच. आता हात दे."

तिनं एकाला उठवून भिंतीला टेकवलं, मग दुसऱ्याला. दोघांचा एकेक हात आपल्या खांद्यावर घेतला आणि पायानं दार उघडलं.

अंगणातल्या माना वळल्या. एका खांद्यावर बाप, दुसऱ्यावर सासरचा वडीलधारा, आणि मधे मान खाली घातलेली मुलगी. हाजींनी उंबऱ्यावरूनच सांगितलं, "मुलगी लग्नानंतरही शिकणार! हा माझा शब्द." बायांचे डोळे भरून आले. नायिफचा चुलतमामा गहिवरून म्हणाला, "असा आशीर्वाद कुणाच्या नशिबी असतो!"

"काका," जुमाना ओठ न हलवता हाजींना म्हणाली, "आशीर्वाद जरा हलक्या हातानं द्या. अजून तीन पायऱ्या आहेत."