सुरूच्या बनातली पंगत

द्वारकाबाईंना समुद्रात सूर्य बुडताना पाहायचा होता. तेलंगणातल्या नेरडीगोंड्याच्या घरातून निघताना त्यांनी सोबत दुसरी कसली अपेक्षा घेतली नव्हती. ज्वारीचं पीठ, तवा आणि ठेचा तेवढा घेतला होता.

"आई, तिथं सगळं मिळते," मंडल कार्यालयात कारकून असलेली त्यांची मुलगी प्रगती म्हणाली. "कॅम्पिंगले तवा कोन नेते?"

"उपाशी माणसाले समुद्र दिसत नाई वं."

मंचेरियलला गाडी पकडून तिघं आंध्रच्या किनाऱ्यावर उतरले. किनाऱ्याला लागून सुरूचं बन होतं. वनखात्यानं आखून दिलेल्या जागेत प्रगतीनं तंबू लावला. उन्हाचे बारीक कण सुयांसारख्या पानांतून गळत होते. समुद्र दिसत नव्हता. कुणीतरी लांबवर सावकाश ज्वारी पाखडत बसावं, तसा नुसता ऐकू येत होता. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेची, म्हणजे संध्याकाळ ही एकच.

"आधी जेवू," द्वारकाबाईंचे नवरे भिवाजी गुरुजी म्हणाले. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते. "सूर्य कुठी पळून जाते काय?"

ताटं वाढली तेवढ्यात समोरच्या पायवाटेनं एक तरुण जोडपं आलं. गुरुजींनी सवयीनं हाक दिली, "आओ जी, खाना खाओ!"

त्यांच्या गावात जेवणारा माणूस वाटेनं जाणाऱ्याला असं म्हणतोच, आणि जाणारा "होऊ द्या" म्हणून पुढं जातो. बसत कोणी नाही. हे जोडपं हैदराबादचं होतं. ते बसलं.

द्वारकाबाईंनी स्वतःच्या ताटातली भाकरी त्यांच्यापुढं ठेवली आणि नवीन थापायला घेतली. ठेचा खाऊन मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अम्मा, और है क्या?" तिनं विचारलं. जाताना त्या दोघांनी बन पाहायला निघालेल्या एका टोळीला जागा दाखवून दिली. टोळी आली. पुढं असलेल्या वाटाड्यानं विचारलं,

"नया खोले क्या? बोर्ड नहीं लगाया?"

"दुकान नहीं है भाई, घर का है," गुरुजी घाईनं म्हणाले.

वाटाड्यानं मागं वळून तेलुगूत सर्वांना बातमी दिली. 'घरचं आहे' हे ऐकून उरलेसुरलेही बसले.

"बाबा, तुमी बोलावता काऊन?" प्रगती दबक्या आवाजात म्हणाली.

"मी यायले कुठी बोलावलं? मी जोडप्याले बोलावलं. तेबी नुसतं म्हनाचं म्हनून."

"आन मी? मले समुद्र दाखवता का पीठ?" द्वारकाबाई तव्यावरून मान वर न करता म्हणाल्या.

उन्हाचा रंग मधासारखा झाला. धूर झाडांत तरंगत राहिला आणि त्यातून माणसं येत राहिली, स्वप्नात येतात तशी, ओळख नसलेली आणि भुकेली. द्वारकाबाई दोनदा उठल्या, दोनदा बसल्या. बनातला प्रकाश तांबडा झाला, तेव्हा मात्र त्यांनी पिठाचा हात लुगड्याला पुसला आणि तवा खाली उतरवला.

"ज्याले पायजे त्यानं थापून घ्या," असं शुद्ध मराठीत आंध्रच्या माणसांना सांगून त्या वाळूतून पळत सुटल्या. मागून गुरुजी, मागून प्रगती.

बन संपलं. समोर समुद्र होता, खूप मोठा, निळसर राखाडी. त्यावर सूर्य नव्हता.

"बुडला," द्वारकाबाई म्हणाल्या आणि मटकन वाळूत बसल्या.

"नाई आई, तिकडं पाय," प्रगती म्हणाली.

सूर्य त्यांच्या मागं होता. ज्या बनातून त्या धावत आल्या, त्याच्याच शेंड्यांमागं, बरोबर तंबूच्या वर तो उतरत होता.

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अवो, तुमी पोराईले काय शिकवत होते?"

गुरुजी मागच्या सूर्याकडे आणि पुढच्या समुद्राकडे आळीपाळीनं पाहू लागले. हा पूर्व किनारा आहे, इथं सूर्य समुद्रातून उगवतो, बुडत नाही, हे त्यांनी नकाशावर छडी ठेवून आयुष्यभर सांगितलं होतं. तिकीट काढताना तेवढं डोक्यात आलं नव्हतं.

मग समुद्राच्या टोकाशी काहीतरी पेटलं. आधी केशरी कड आली, मग अर्धी भाकर, मग पूर्ण. पौर्णिमेचा चंद्र पाण्यातून ओला होऊन वर येत होता आणि लाटांवरून त्याची वाट थेट द्वारकाबाईंच्या पायांपर्यंत आली.

"गावात इचारतीन तर काय सांगशील?" प्रगतीनं हळूच विचारलं.

"सांगीन," द्वारकाबाई चंद्रावरून नजर न काढता म्हणाल्या, "आमी जायपर्यंत सूर्य बुडला होता. मंग धुऊन वर आला."

असलं उत्तर लिहिणाऱ्या कितीतरी पोरांना भिवाजी गुरुजींनी शून्य दिलं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"बरोबर हाय," ते म्हणाले.